स्टिअरिंगवरचं बोट

सोमवार, ७ ऑक्टोबर

परवा पाचवा भाग! सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. टपाल लावताना पाद्रीबाबांच्या खणात मेंढ्यांच्या जंताच्या औषधाचं पत्रक गेलं आणि त्यांचं चर्चचं मासिक स्पिरोच्या खणात. स्पिरो, आमचा पबवाला, मासिक हातात घेऊनच आला. म्हणाला, "नोएलीनबाई, मला सुधारायचं मनावर घेतलंत की काय?"

'मिठाचे तारे' ही मालिका मी पहिल्या दिवसापासून बघते, अकरा वर्षं झाली. चाहत्यांच्या चाळीस हजार माणसांच्या ग्रुपची मी कारभारीण आहे, ॲडलेडपासून लांब आडरानात, हॅरोज वेलसारख्या दीडशे वस्तीच्या गावात टपाल आणि किराणा सांभाळून. आणि या चौथ्या सीझनचं चित्रीकरण झालं कुठं? आमच्याच मिठाच्या तळ्यावर, गेल्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये, सहा आठवडे! आतापर्यंतचे चार भाग महालात आणि यानांत गेले. परवाच्या भागात तळं येणार. झलकेत सेकंदभर दाखवलं आणि मी ओळखलं, मागं आमची टेकडी होती.

त्यात डेस असेल. किंवा कापलाही असेल.

वही माझी आहे, तेव्हा लिहूनच टाकते. त्यांना गावातली चाळीस माणसं हवी होती, मुखवटे घालून मागे फिरायला. रांगेत पहिली मी, स्वतः शिवलेला झगा घालून. अर्जात विचारलं होतं, चाहत्यांच्या कुठल्या ग्रुपमध्ये आहात का? मी खरं लिहिलं, चांगलं अभिमानानं लिहिलं. तिथंच पत्ता कट. गुपितं फुटतील म्हणे! आणि माझा भाऊ डेस, जो मला नुसता गाडीनं सोडायला आला होता, ज्यानं जन्मात एक भाग पाहिला नव्हता, जो सगळ्याला 'नोलीची चांदणी-भुतं' म्हणायचा, त्याला घेतलं. का, तर त्याला चार चाकांचं काहीही चालवता येतं. मी म्हटलं, नाही म्हणून सांग त्यांना. तर म्हणाला, "अगं नोली, गाडीच तर चालवायचीय."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कुंपणाची तार ओढताना तो जागच्या जागी गेला. हृदय. पण आमच्या अबोल्यात चूक त्याचीच होती, हे मी आजही म्हणते. चित्रीकरणातलं काही बाहेर सांगणार नाही अशी त्यानं सही दिली होती, आणि ती इतकी पाळली की बायकोलाही शब्दानं बोलला नाही. त्यामुळे तो कुठल्या मुखवट्याखाली आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

व्हॅलला, म्हणजे भावजयीला, फोन केला. येते म्हणाली. "मला एकदा दिसला म्हणजे झालं गं," म्हणाली. माझं काही तसं नाही. मी आपली भाग बघायला जातेय.

बुधवार, ९ ऑक्टोबर

दिसला! दिसला, दिसला, दिसला!

अक्षर जाऊ दे खड्ड्यात. साडेपाचला सुरू झाला. स्पिरोनं भिंतीवरची बाणफेकीची तबकडी उतरवून पडदा म्हणून पलंगपोस ताणला होता. साठेक माणसं, सॉसेज रोल आणि बिअर. माझी अट एकच, सगळ्यांचे फोन बादलीत. स्पिरो कुरकुरला, "चर्चमध्येसुद्धा इतका जाच नसतो." मी म्हटलं, तुला काय माहीत, तू गेलायस कधी?

तेवीस मिनिटं काही नाही. मग मिठाचं तळं आलं आणि असा गलका उठला की मला दोनदा ओरडावं लागलं. राणी ओरवेन वेष बदलून वाळूगाडीतून पळतेय, आणि समोरून खडकमुंड्यांचा तांडा येतोय. दगडी डोक्याचे राक्षस, एकाला झाकावा अन् दुसऱ्याला काढावा. पहिली गाडी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या गाडीवरच्या खडकमुंड्यानं, राणीची गाडी शेजारी येताच, स्टिअरिंगवरून एक बोट उचललं.

जरासं डावीकडे कललेलं. आणि हातमोज्याचं टोक लोंबतंय, कारण आत बोटाला शेंडाच नाही! तो अठ्ठ्याऐंशी साली तार ताणायच्या यंत्रात गेला.

मग स्पिरो बोंबलला, "अरे डेस! लेका, राक्षस झालास तरी समोरच्याला बोट उचलल्याशिवाय राहवलं नाही तुला?"

काय हशा उसळला! समोरून गाडी आली की आमच्याकडे 'काय, बरं?' म्हणून बोट वर जाणारच, ओळख असो नसो. ते काय कुणी ठरवून करतं? राणीचं काम करणाऱ्या त्या पोरीलासुद्धा लागण झाली होती. सुरुवातीला दुकानासमोरून जाताना आमच्याकडे नुसती बघत राहायची. पाचव्या आठवड्यात तिनंच आधी बोट उचललं. मला! राणी ओरवेननं! हे मी पबमध्ये सतरा वेळा सांगितलंय.

व्हॅलनं तो तुकडा चारदा मागे घ्यायला लावला. तीन सेकंदांचा आहे, मी मोजला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात पबमध्ये धूळ तरी किती.

गुरुवार, १० ऑक्टोबर

जग पेटलंय!

सकाळी ग्रुप उघडला तर अकरा हजार नवे निरोप, आणि सगळे एकाच गोष्टीवर. राणीचं नाही, लढाईचं नाही. बोट! डेसचं बोट! न्यूझीलंडातल्या हॅमिल्टनचा एक दीडशहाणा आहे, स्वतःला 'चंद्र७' म्हणवतो. त्यानं रात्रीत चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला. म्हणे पहिल्या सीझनमध्ये राणीचे मूक दूत मारले गेले ना, ते शपथ घेताना बोटाचा शेंडा कापून द्यायचे ना, मग बघा, या खडकमुंड्याच्या बोटाला शेंडा नाही! म्हणजे एक मूक दूत जिवंत आहे! तो राक्षसांत लपलाय आणि त्यानं राणीला खूण केली!

आता हे मान्य करायला हवं की जुळतंय फार छान. चिलीतली एक बाई तो तुकडा बघून हमसून हमसून रडतेय. पोलंडमध्ये एकानं ते बोट दंडावर गोंदवून घेतलं, लोंबत्या टोकासकट. डेसला घरात कुणी चहाला विचारायचं नाही, आणि इथं त्याचं बोट दंडावर!

माझ्या ओठांवर आलं होतं. लिहायलाही बसले, की अरे मूर्खांनो, तो आमचा डेस आहे, सवयीनं उचललंय त्यानं. आणि एकदम थर्मास आठवला.

दुसऱ्या भागात सिंहासनामागे कुणीतरी निळा थर्मास विसरलं होतं. जगात पहिल्यांदा तो कुणाला दिसला? मला. लाल गोल काढून मी ग्रुपवर टाकला, काय वाहवा झाली. तीन दिवसांत बनवणाऱ्यांनी तो भागातून पुसून टाकला. आता बघाल तर तिथं कोरी भिंत आहे, थर्मास कधी नव्हताच जणू.

हीसुद्धा चूकच आहे, हे त्यांना कळलं की डेसचं बोट पुसायला त्यांना कितीसा वेळ?

धावत पबमध्ये गेले, दुकान उघडं टाकून. स्पिरोला पटलं. दुपारपर्यंत गावभर निरोप फिरला, डेसबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. गावातलं कुणी कधी गप्प बसल्याचं मला तरी आठवत नाही. बघू या.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

व्हॅलकडे गेले होते, तिला टीव्हीवर तो तुकडा लावून द्यायला. ती टीव्हीवर बातम्या आणि क्रिकेट सोडून काही बघत नाही, बटणं ठाऊक नाहीत. उघडल्याबरोबर टीव्ही विचारतो, 'मिठाचे तारे, तिसरा सीझन, चौथा भाग, पुढे बघायचा का?' म्हणजे पहिल्यापासून तिथपर्यंत कुणीतरी बघितलेत. नातवंडांचं काम असणार. व्हॅल म्हणाली, नातवंडं डार्विनला गेल्यापासून दोन वर्षांत आलेली नाहीत. मग तिनंच चुकून बटण दाबलं असेल. ती म्हणाली, "गेल्या वर्षी हिवाळ्यात, जून-जुलैत, डेस रोज जेवण झालं की इथंच पेंगत बसायचा. मी आपली लवकर झोपायचे." पेंगायला काय, डेस उभ्याउभ्याही पेंगायचा.

शनिवार, १२ ऑक्टोबर

मी गाढव आहे. एकसष्टाव्या वर्षीही गाढवच.

त्या चंद्र७नं आज लिहिलं, "नोएलीन त्याच गावात राहते, तरी तिला काही दिसलं नाही. थर्मास शोधणं वेगळं आणि गोष्ट कळणं वेगळं." चाळीस हजार लोकांसमोर! माझ्या टाळक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. एका दमात लिहून टाकलं, "तो मूक दूत नाही, माझा भाऊ आहे. शेंडा शपथेत गेला नाही, कुंपणाच्या यंत्रात गेला. आमच्याकडे रस्त्यावर सगळेच बोट उचलतात, सवय आहे ती." चार मिनिटांनी भानावर आले आणि पुसलं. पण चार मिनिटांत कुणीतरी त्याचा फोटो काढून सगळीकडे पसरवला होता.

अर्धे हसतायत. उरलेले चिडलेत. एकजण लिहितो, "हे खरं असेल तर बनवणाऱ्यांनी ताबडतोब दुरुस्त करावं," आणि खाली थेट बनवणाऱ्यांचं नाव जोडलंय. त्याला दोनशे जणांनी मान डोलावली.

मग मी काय करणार? लिहिलं, "मी खोटं बोलले. माझ्याकडे लक्ष जावं म्हणून थाप मारली. मला भाऊ नाही."

तासाभरात त्यांनी मला कारभारातून काढलं. अकरा वर्षं! चंद्र७ म्हणाला, वाईट वाटतं, एकेकाळी ती बरी होती. एकेकाळी म्हणे! संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. स्पिरो आला, सोबत आणलेला मटण भरलेला 'मीट पाय' अर्धा तोडून दिला आणि शेजारी बसला. मला भाऊ नाही, हे आपण लिहिलं, हेच डोक्यातून जात नव्हतं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आजचा दिवस जन्मभर विसरणार नाही!

काल ॲडलेडहून एका पत्रकार बाईचा फोन आला होता. माझ्या त्या निरोपाचा फोटो तिनं पाहिला होता, आणि तिला खात्री करायची होती. "उद्या येतेच मी गाडी घेऊन, तुमच्याकडे खरंच सगळे बोट उचलतात का बघते." मी फोन ठेवला आणि तडक स्पिरोला गाठलं. अहो, ती रस्त्यावरून नुसती दहा मिनिटं आली तरी पाच बोटं वर जातील!

रात्री पबमध्ये सभा. ठरलं, उद्या अख्ख्या गावानं बोट उचलायचं नाही. उचलायचं नाही म्हणजे नाही, कुणालाच नाही, एकमेकांनाही नाही. लोकांना दारू सोडायला सांगितलं असतं तर इतकं वाईट वाटलं नसतं. कच्चे रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवणारा म्हातारा बॅझिल म्हणाला, "मला नाही जमायचं. मी उद्या घरीच बसतो."

आज सकाळी दहाला तिची लाल गाडी आली. आणि काय सांगू, सगळे असे चालले होते जणू गावात एकमेकांचे मुडदे पाडलेत. एकजण गाडी आली की आरसा बघायचा. पाद्रीबाबा स्टिअरिंग सोडून नाक शिंकरत होते. आणि घरी बसतो म्हणालेला बॅझिल? घरी बसवेना म्हणून ग्रेडर घेऊन निघाला, उजवा हात ढुंगणाखाली दाबून! मी दुकानासाठी स्टेशनवरून माल आणायला निघाले तेव्हा ती लाल गाडी समोर आली. माझं बोट हललं. मी ते दुसऱ्या हातानं धरून ठेवलं.

बोट न उचलणं किती अवघड असतं! आणि मला वाटायचं सोपं असतं. गेल्या वर्षी जुलैत मी ते केलंय. तेव्हा सोपंच वाटलं होतं.

दुपारी पत्रकार बाई दुकानात आली, पाण्याची बाटली घेतली आणि म्हणाली, "बाई गं, काय तुसडी माणसं आहेत तुमच्या गावात! कुणी बघतसुद्धा नाही."

मी म्हटलं, "आहेत खरी तुसडी. मी तर सगळ्यात तुसडी."

ती गेल्यावर पाच मिनिटांत मुख्य रस्त्यावर नऊ गाड्या नुसत्या फिरायला बाहेर पडल्या. लोक एकमेकांना बोटं उचलत चारचार फेऱ्या मारत होते. बॅझिलनं दोन्ही हातांची उचलली.

बुधवार, १६ ऑक्टोबर

सहावा भाग. लिहायला घेतलं आणि चार वेळा पेन खाली ठेवलं. पण लिहिणार.

पब तुडुंब. व्हॅल माझ्या शेजारी. आता मी कुणाची कारभारीण नाही, तरी फोनांची बादली मीच फिरवली, आणि सगळ्यांनी मुकाट्यानं टाकले.

सुरुवातीलाच पुन्हा मिठाचं तळं. तोच प्रसंग, पण या वेळी तांड्याच्या बाजूनं. कॅमेरा तिसऱ्या गाडीवर, खडकमुंड्याच्या पाठीमागं. ती पाठ मी साठ वर्षं बघत आले, ओळखायला मुखवटा उतरवायची गरज नाही. समोरून राणीची गाडी येतेय. जवळ आली. डेसचा हात, लोंबतं टोक, बोट वर.

आणि राणीनं बोट उचललं.

तिनं उचललं हो! ओरवेननं! चेहऱ्यावर तीच घाबरलेली राणी, आणि हात मात्र आमचा. स्टिअरिंगवरून एक बोट, फार नाही, जेमतेम. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, सहा आठवडे इथं राहिली म्हणून. आणि ज्यानं कुणी ते कापायचं की ठेवायचं ठरवलं, त्यानं दोन्ही बोटं ठेवली.

पबमध्ये छप्पर उडेल असा जल्लोष. साठ माणसांनी साठ बोटं वर केली, भिंतीकडे, पलंगपोसाकडे. स्पिरो बारवर चढून रडत होता आणि सांगत होता की तो रडत नाहीये. फोन बादलीतून काढले तर ग्रुपवर वेडाचा बाजार, राणीनं ओळखलं, मूक दूत खराच जिवंत आहे, चंद्र७चा विजय असो! असो बापडा त्याचा विजय. आता कुणी ते बोट पुसणार नाही. पुसलं तर गोष्टच उरत नाही.

मी मात्र ओरडले नाही. व्हॅल म्हणाली, "अगं, तू का गप्प?" उत्तर इथं लिहिते.

गेल्या वर्षी जुलैत, कचरा टाकायच्या डेपोच्या रस्त्यावर, डेस तीनदा समोरून आला. तिन्ही वेळा त्यानं बोट उचललं. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवले आणि सरळ पुढं बघितलं. पहिल्यांदा मला बरं वाटलं. तिसऱ्यांदा मी आरशात पाहिलं, तर तो गाडी कडेला घेऊन थांबला होता. मी थांबले नाही. नंतर दहा दिवसांत तो गेला.

राणीनं त्याला उत्तर दिलं. मी सख्खी बहीण, मी दिलं नाही. चूक माझी होती.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

ग्रुपवाल्यांनी निरोप पाठवलाय, झालं गेलं विसरू, परत कारभार घे. दोन दिवसांनी बघते म्हटलं.

सकाळी कचरा घेऊन डेपोकडे निघाले. वळणावर समोरून डेसची पिकअप आली. व्हॅल चालवतेय, हे मला दिसत होतं. तरी मी लांबूनच बोट उचललं, नेहमीपेक्षा कितीतरी आधी, आणि गाडी शेजारी येईपर्यंत खाली घेतलं नाही.

व्हॅलनं ब्रेक मारला. खिडकीतून म्हणाली, "काय गं नोली, हात अडकला की काय?"

"उगाच आपलं," मी म्हटलं.

ती जराशी थांबली. मग म्हणाली, "ते टीव्हीवर अजून येतंय बघ, तिसरा सीझन, चौथा भाग, पुढे बघायचा का. मला ते नको म्हणवत नाही आणि हो म्हणवत नाही. तू येतेस?"

तिसरा सीझन मी नऊ वेळा पाहिलाय. म्हटलं, येते. चौथ्यापासून लावू.